आळशी डोळा : पट्टीचे तास कसे ठरवावेत आणि घरी ते कसे पाळावेत

शाळेत डोळे तपासणारे पथक येते तेव्हा मुले एका हाताने एक डोळा झाकून भिंतीवरचा तक्ता वाचतात. ज्या मुलाचा एक डोळा अधू आहे, ते चांगला डोळा झाकताना बोटांत बारीकशी फट ठेवते किंवा मान किंचित वळवून नाकाच्या बाजूने डोकावते, आणि ‘दृष्टी ठीक’ असा शेरा मिळवून जागेवर परतते. यात लबाडी नसते. त्याला लहानपणापासून एकाच डोळ्याच्या भरवशावर दिसत आलेले असते आणि सर्वांनाच असे दिसते अशी त्याची समजूत असते, त्यामुळे ते कधी तक्रारही करत नाही. म्हणून घरी शंका तपासायची असेल तर मुलाच्या हाताने डोळा झाकू नये. कापसाची घडी ठेवून त्यावर कागदी चिकटपट्टी लावावी आणि एकेका डोळ्याने त्याला घड्याळ, कॅलेंडरवरची तारीख, खिडकीतून दिसणाऱ्या दुकानाची पाटी असे काहीतरी दाखवून विचारावे. वाचता न येणाऱ्या लहानग्याच्या बाबतीत एक डोळा झाकला की ते शांत राहते आणि दुसरा झाकला की रडते, पट्टी ओढून काढते, असे पुन्हा पुन्हा होत असेल तर तेवढा पुरावा नेत्रतज्ज्ञाकडे जाण्यास पुरेसा आहे.

‘आळशी डोळा’ हे नाव रूढ झाले असले तरी ते मुलावर आणि डोळ्यावर दोघांवरही अन्याय करणारे आहे. डोळ्याची रचना बहुधा निर्दोष असते. त्या डोळ्याकडून येणारे चित्र वाचायला मेंदू शिकलेला नसतो. एका डोळ्याचा नंबर दुसऱ्यापेक्षा बराच जास्त असेल, एक डोळा तिरळा असेल, किंवा जन्मजात मोतीबिंदूमुळे वा खाली पडलेल्या पापणीमुळे प्रकाश आत नीट पोचत नसेल, तर मेंदू धूसर किंवा विसंगत चित्र बाजूला सारतो आणि चांगल्या डोळ्याचेच ऐकू लागतो. डेव्हिड ह्यूबल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरीच्या पिल्लांच्या एका डोळ्याची पापणी काही काळ शिवून ठेवून हे दाखवून दिले की बालपणी वापराविना राहिलेल्या डोळ्याची मेंदूतील जागा दुसरा डोळा बळकावतो. दृष्टीच्या या संशोधनासाठी त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. उपचाराचे सारे तर्कशास्त्र येथूनच निघते. आधी चित्र स्पष्ट करायचे, मग चांगल्या डोळ्याला पट्टीने झाकून काही तास बाजूला बसवून मेंदूला दुसऱ्याचे ऐकायला लावायचे. शंभरातील दोन-तीन मुलांना हा दोष असतो, म्हणजे दोन वर्गांत मिळून एक-दोन मुले तरी निघावीत.

पहिली पायरी : थेंब घालून पूर्ण तपासणी

चष्म्याच्या दुकानातील यंत्रावर काढलेला नंबर लहान मुलाच्या बाबतीत ग्राह्य धरू नये. मूल जवळचे पाहण्यासाठी डोळ्यातील भिंगावर इतका ताण देऊ शकते की त्याचा अधिकचा (प्लस) नंबर लपून जातो, आणि आळशी डोळ्यामागे बहुतेकदा हाच नंबर असतो. त्यासाठी बाहुली मोठी करणारे आणि भिंगाचा ताण सैल करणारे औषध घालून तपासणी करावी लागते. आपल्याकडे लहान मुलांसाठी अनेक डॉक्टर ॲट्रोपिनचे मलम किंवा थेंब तीन दिवस घरी घालायला सांगतात. औषध घातल्यावर डोळ्याच्या नाकाकडील कोपरा एक-दोन मिनिटे बोटाने दाबून धरावा, म्हणजे ते नाकात उतरून अंगात कमी भिनते. चेहरा लालबुंद होणे, ताप, खूप चिडचिड किंवा असंबद्ध बडबड दिसल्यास औषध थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. ॲट्रोपिनने मोठी झालेली बाहुली पूर्ववत व्हायला दहा-बारा दिवसही लागू शकतात. या काळात मूल उन्हात डोळे मिटते आणि त्याला जवळचे वाचता येत नाही, हे शाळेत आधीच सांगून ठेवावे.

तपासणी संपल्यावर चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात: चष्मा लावून प्रत्येक डोळ्याची स्वतंत्र दृष्टी ६/१२, ६/३६ अशा आकड्यांत किती आहे (६/१२ म्हणजे निरोगी डोळ्याला १२ मीटरवरून वाचता येणारे अक्षर या डोळ्याला ६ मीटरवरूनच वाचता येते), दोन्ही डोळ्यांचा नंबर काय, दोषाचे कारण काय, आणि डोळ्याचा पडदा व मज्जातंतू पाहून ते निरोगी असल्याची खात्री केली आहे का. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नये, कारण डोळ्यात अन्य आजार असेल तर कितीही पट्टी लावली तरी उपयोग होत नाही. बाहुलीत पांढरट झाक दिसत असेल, किंवा मोबाइलच्या फ्लॅशमध्ये काढलेल्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी येत असेल, तर तारीख मिळण्याची वाट न पाहता लगेच तपासणी करून घ्यावी. त्यामागे मोतीबिंदू किंवा डोळ्यातील कर्करोगही असू शकतो. एका डोळ्याचा दाट जन्मजात मोतीबिंदू तर पहिल्या सहा ते आठ आठवड्यांतच काढावा लागतो.

खाजगी तपासणी परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वाट मोकळी आहे. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या या कार्यक्रमात वैद्यकीय पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतात. दृष्टिदोष आणि तिरळेपणा ही त्यांच्या यादीतीलच कारणे आहेत, आणि संशयित मुलाला पुढे जिल्हा पातळीवरील केंद्राकडे पाठवले जाते. पथक येण्याचा दिवस अंगणवाडीसेविकेला विचारून ठेवावा आणि बोटांच्या फटीची गोष्ट त्यांना आवर्जून सांगावी.

दुसरी पायरी : चष्मा, आणि थोडा धीर

पट्टीच्या घाईत चष्म्याकडे दुर्लक्ष होते, ही मला या उपचारातील सर्वांत मोठी चूक वाटते. दोन डोळ्यांच्या नंबरातील फरकामुळे दृष्टी मंद झालेल्या ३ ते ७ वर्षांच्या ८४ मुलांना केवळ चष्मा देऊन अमेरिकेतील बालनेत्रतज्ज्ञांच्या एका गटाने त्यांचा मागोवा घेतला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार ७७ टक्के मुलांना तक्त्यावरील दोन किंवा अधिक ओळी जास्त वाचता येऊ लागल्या आणि २७ टक्के मुलांचा दोष पट्टीविनाच दूर झाला. ही सुधारणा हळूहळू होते. ती चार-साडेचार महिने चालू राहू शकते. त्यामुळे अनेक डॉक्टर आधी चष्मा देतात, सहा-आठ आठवड्यांनी दृष्टी मोजतात, आणि सुधारणा थांबली की मगच पट्टी सुरू करतात. दोष तीव्र असेल तर काही जण पट्टी लवकर सुरू करतात आणि त्यालाही अलीकडच्या युरोपीय अभ्यासाचा आधार आहे. हा निर्णय डॉक्टरांचा. चष्मा झोपेतून उठल्यापासून झोपेपर्यंत डोळ्यांवर राहील हे पाहणे मात्र घरच्यांचे काम आहे.

चष्मा टिकायचा असेल तर फ्रेम नाकावर बसणारी हवी. लहान मुलाचे नाक चपटे असते, त्यामुळे मोठी फ्रेम घसरते आणि मूल काचेच्या वरून पाहते, म्हणजे चष्मा असून नसल्यासारखाच. लवचीक फ्रेम, मागे डोक्याभोवती पट्टा आणि न फुटणारी पॉलिकार्बोनेटची भिंगे घ्यावीत. ‘एवढ्याशा पोराला चष्मा लावला तर नंबर वाढेल,’ असे आजी-आजोबा किंवा शेजारी सांगतील. त्यांना एवढेच सांगावे की येथे चष्मा हेच औषध आहे आणि ते न दिल्यास जे बिघडते ते मोठेपणी चष्म्याने किंवा लेझरने दुरुस्त होत नाही.

तिसरी पायरी : पट्टी किती तास

पूर्वी दिवसभर पट्टी बांधून ठेवण्याची पद्धत होती. २००३ मध्ये ७ वर्षांखालील मुलांवरील दोन अभ्यासांनी ती मोडीत काढली. मध्यम दोषात, म्हणजे ६/१२ ते ६/२४ दृष्टी असताना, रोज २ तास आणि रोज ६ तास पट्टी लावणाऱ्या मुलांत चार महिन्यांनी सारखीच सुधारणा दिसली. त्याहून तीव्र दोषात ६ तासांची पट्टी जवळजवळ दिवसभराच्या पट्टीइतकीच उपयोगी ठरली. त्यामुळे आज मध्यम दोषासाठी २ तास आणि तीव्र दोषासाठी ६ तास हा सुरुवातीचा साधारण हिशेब धरला जातो.

मात्र डॉक्टरांनी लिहिलेले तास आणि डोळ्यावर प्रत्यक्ष पट्टी राहिलेले तास यांत मोठी तफावत पडते. इंग्लंडमधील एका अभ्यासात पट्टीला छोटे इलेक्ट्रॉनिक मोजमापक जोडून पाहिले, तेव्हा रोज ६ तास सांगितलेल्या मुलांनी सरासरी ४.२ तास आणि १२ तास सांगितलेल्यांनी केवळ ६.२ तास पट्टी लावली होती. तेथेच झालेल्या आणखी एका मोजणीतून असे दिसले की तक्त्यावरची एक ओळ पुढे सरकायला प्रत्यक्ष वापराचे साधारण १२० तास लागतात. रोज २ तास प्रामाणिकपणे लावली तर दोन महिने. आठवड्यातून तीनच दिवस लावली तर साडेचार महिन्यांहून अधिक. म्हणून भिंतीवर कॅलेंडर टांगून रोज लावल्याची आणि काढल्याची वेळ लिहावी, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना तोच कागद दाखवावा. ‘हो, रोज लावतो’ एवढ्या उत्तरावर डॉक्टर तास वाढवतात किंवा उपचार निरुपयोगी ठरवतात, आणि खरी अडचण कळतच नाही.

चौथी पायरी : पट्टी लावणे आणि ती टिकवणे

पट्टी चांगल्या डोळ्यावर लावायची असते. ही बाब उघड वाटते, पण घरातील दुसऱ्या कोणी लावताना ‘अधू डोळ्याला आराम’ म्हणून त्याच डोळ्यावर लावल्याची उदाहरणे दवाखान्यांत नेहमी ऐकायला मिळतात. पट्ट्यांच्या डब्यावर ‘उजवा’ किंवा ‘डावा’ असे ठळक लिहून ठेवावे.

पट्टी त्वचेवर चिकटणारी असावी आणि चष्मा तिच्यावरून लावावा. रबरी दोरीची काळी पट्टी किंवा काचेवर चढवायची कापडी पट्टी दिसायला सुटसुटीत असली तरी कडेने डोकावायला जागा सोडते आणि लहान मुले ती जागा पहिल्याच दिवशी शोधून काढतात. तयार पट्टी महाग वाटत असेल तर औषधाच्या दुकानातील निर्जंतुक आय पॅड (डोळ्यावर ठेवायची कापसाची घडी) आणि कागदी चिकटपट्टी यांवर काम भागते. चेहरा धुऊन कोरडा करावा. तेल, पावडर, क्रीम किंवा काजळ लावलेल्या त्वचेवर पट्टी धरत नाही, म्हणून तेलाची मालीश आणि अंघोळ आधी आटोपून घ्यावी. मुलाला डोळा मिटायला सांगून पट्टीची निमुळती बाजू नाकाकडे ठेवावी आणि कडा सगळीकडून दाबाव्यात. काढताना कोमट पाण्याने कडा ओल्या करून कानाकडून नाकाकडे हळूहळू सोडवाव्यात. त्वचा लाल होत असेल तर पट्टीची दिशा रोज थोडी बदलावी आणि कंपनी बदलून पाहावी. साल निघत असेल तर एक-दोन दिवस थांबून डॉक्टरांना विचारावे. मुंबईच्या आणि कोकणच्या दमट हवेत एप्रिल-मे महिन्यांत घामाने पट्टी दुपारपर्यंत सुटते, त्यामुळे तेव्हा सकाळची वेळ बरी.

पहिला आठवडा सर्वांत अवघड जातो, कारण अधू डोळ्याने मुलाला खरोखरच नीट दिसत नाही आणि त्याचा विरोध हट्टापेक्षा भीतीतून येतो. अगदी लहान मुलाला आधी पंधरा-वीस मिनिटे लावून हळूहळू वेळ वाढवण्यास डॉक्टरांची हरकत नसते. बाहुलीला किंवा बाबांना आधी पट्टी लावावी, पट्टीवर मुलालाच चित्र काढू द्यावे. नेदरलँड्समध्ये मुलांना उपचार समजावणारी चित्रकथा आणि रोज स्टिकर लावायचे कॅलेंडर दिले, तेव्हा पट्टी पाळण्याचे प्रमाण मोजण्याइतके वाढले. आपल्याकडे त्यासाठी वेगळे काही विकत घेण्याची गरज नाही. पट्टीची वेळ रोज एकच ठेवावी आणि ती एखाद्या आवडत्या गोष्टीशी बांधावी. दिवसातून दहा वेळा ‘आता लावतोस का?’ असे विचारल्याने वाटाघाटी सुरू होतात, आणि वाटाघाटीत मुले पालकांपेक्षा तरबेज असतात.

पट्टी असताना मुलाला रस्त्यावर एकटे सोडू नये. सायकल, विहीर, तलाव, गच्चीचा कठडा आणि अंधारे जिने यांपासून त्याला दूर ठेवावे. दोन तासांची पट्टी घरीच लावता येते, त्यामुळे शाळेत चिडवले जाण्याचा प्रश्न टळतो. सहा तासांची असेल तर वर्गशिक्षिकांना कारण सांगावे आणि मुलाला पहिल्या बाकावर बसवण्याची विनंती करावी.

पट्टी असताना करायचे काम आणि ‘दृष्टिव्यायाम’

पट्टी लावल्यावर जवळचे बारीक काम करावे असा सल्ला दिला जातो. २००८ च्या एका तुलनेत जवळचे काम करणाऱ्या आणि दूरचे पाहणाऱ्या मुलांच्या सुधारणेत फरक आढळला नाही. याचा अर्थ काम कोणतेही चालेल. मूल जागे, गुंतलेले आणि डोळा वापरणारे असले म्हणजे झाले. मणी ओवणे, ठिपक्यांची रांगोळी, तांदळातील खडे निवडणे, मटार सोलणे, सापशिडी, चित्र रंगवणे यांत वेळ चांगला जातो. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती मणी किंवा कडधान्य देऊ नये. ते नाकात किंवा घशात जाते.

‘दृष्टी प्रशिक्षण’ या नावाने विकल्या जाणाऱ्या गोष्टींत मात्र निवड करावी लागते. डोळे गोल फिरवणे, मेणबत्तीकडे टक लावणे, डोळ्यांत कसले अर्क घालणे यांनी आळशी डोळा सुधारल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही, आणि अशा प्रयोगांत पट्टीचे मोलाचे महिने निघून जातात. जवळचे पाहताना दोन्ही डोळे आत वळवण्याची शक्ती कमी असणे हा निराळा दोष आहे. त्यावर देखरेखीखालील व्यायाम खरोखर उपयोगी पडतात, आणि दोन्हींची गल्लत करूनच महागडी पॅकेजे खपवली जातात.

दोन्ही डोळ्यांना एकाच वेळी वेगवेगळे चित्र दाखवणारे संगणकीय उपचार हा यातील गंभीरपणे घेण्याजोगा भाग आहे. चांगल्या डोळ्याला फिके आणि अधू डोळ्याला ठळक चित्र दाखवले की मेंदूला दोन्ही जोडून पाहावे लागते, ही त्यामागील कल्पना. ती आकर्षक असली तरी सुरुवातीचे निकाल संमिश्र होते: २०१६ मध्ये ३८५ मुलांवर झालेल्या चाचणीत आयपॅडवरील अशा खेळाने १६ आठवड्यांत सरासरी १.०५ ओळींची, तर २ तासांच्या पट्टीने १.३५ ओळींची सुधारणा झाली. त्यानंतर आभासी वास्तवाच्या चष्म्यातून बदललेले कार्यक्रम दाखवणाऱ्या ‘ल्युमिनोपिया’ या उपकरणाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये ४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी मान्यता दिली. जे मूल पट्टी कशीच ठेवत नाही त्याच्यासाठी अशा पर्यायाची चौकशी करावी. नीट चाललेली पट्टी सोडून त्यामागे धावू नये.

पट्टी अजिबात जमत नसेल तर

चांगल्या डोळ्यात १ टक्का ॲट्रोपिनचा थेंब घालून त्याचे जवळचे चित्र धूसर करणे, हा पट्टीचा जुना आणि सिद्ध पर्याय आहे. २००२ मध्ये ४१९ मुलांच्या अभ्यासात सहा महिन्यांनी थेंब आणि पट्टी दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा आला, आणि पुढे २००४ मध्ये रोजऐवजी फक्त शनिवार-रविवारी थेंब घातले तरी तेवढाच लाभ होतो असे आढळले. थेंब मुलाला काढून टाकता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा. मात्र उन्हात टोपी लागते, आणि बाटली कुलपात ठेवावी लागते, कारण ती पोटात गेल्यास विषबाधा होते. हा उपचार डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय सुरू करू नये.

तिरळेपणाची शस्त्रक्रिया हा मात्र पट्टीचा पर्याय नव्हे. शस्त्रक्रियेने डोळा सरळ दिसतो, पण मेंदूने सोडून दिलेली दृष्टी आपोआप परत येत नाही. म्हणून बहुधा आधी दृष्टी सुधारून घेतात. ‘थोडे तिरळे मूल भाग्याचे’ असे म्हणत वाट पाहणाऱ्या घरांत नेमका हाच काळ वाया जातो.

सात वर्षांनंतर

‘सात वर्षांनंतर काही होत नाही’ असे अजूनही सांगितले जाते. २००५ मध्ये ७ ते १७ वयाच्या ५०७ मुलांवर झालेल्या अभ्यासात, ७ ते १२ वयोगटातील ज्यांना चष्म्याबरोबर पट्टी व थेंब दिले त्यांतील ५३ टक्क्यांना चांगला लाभ झाला. केवळ चष्मा दिलेल्यांत हे प्रमाण २५ टक्के होते. वयाची तेरा वर्षे ओलांडलेल्या, पण पूर्वी कधीच उपचार न झालेल्यांनाही काही प्रमाणात फायदा झाला. लहान वयात उपचार कमी तासांत काम करतो हे खरे, पण नऊ वर्षांच्या मुलाला प्रयत्नाशिवाय परत पाठवले जात असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

थांबवताना

दर सहा ते बारा आठवड्यांनी दोन्ही डोळ्यांची दृष्टी मोजून घ्यावी. दोन्हींची का, तर जास्त पट्टीने क्वचित चांगला डोळाच मंदावतो; तसे दिसल्यास पट्टी थांबवली की तो सहसा सावरतो. दृष्टी बरोबरीला आली म्हणून पट्टी एकदम फेकून देऊ नये. उपचार थांबवलेल्या मुलांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याची दृष्टी वर्षभरात पुन्हा घसरते, आणि रोज ६ ते ८ तासांची पट्टी अचानक बंद केलेल्यांत हे प्रमाण ४२ टक्के आढळले. ज्यांनी आधी २ तासांवर येऊन मग थांबवले त्यांच्यात ते १४ टक्के होते. चष्मा तर पुढेही चालूच राहतो. थांबवल्यानंतरचे पहिले वर्ष दर दोन-तीन महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी तपासणी ठेवावी. हा दोष घराण्यातून येऊ शकतो, त्यामुळे धाकट्या भावंडांनाही एकदा थेंब घालून तपासून घ्यावे.

सर्व करूनही काही मुलांच्या अधू डोळ्याची दृष्टी अपुरीच राहते. त्यांच्यासाठी चांगला डोळा हाच एकमेव आधार असतो, म्हणून नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटचा चष्मा कायम घालावा, आणि विटीदांडू, धनुष्यबाण, गोफण, दिवाळीतले फटाके यांच्या आसपास तो चष्मा एक क्षणही उतरवू देऊ नये.